बीज सोडण्याचा कार्यक्रम

"चालते" हा शब्द कुणी माझ्यासमोर उच्चारला की माझं डोकं सणकतं. परवाच नळवाला आला होता. चंद्रपुरातला हा फ्लॅट नवा, नळ नवा, आणि तो भिंतीत असा वाकडा बसवलेला की पाणी भांड्यात कमी आणि ओट्यावर जास्त. मी म्हटलं, हा सरळ कर. तर म्हणतो कसा, "चालते ना काकू, पानी तं येऊन राह्यलं!" पाणी येऊन राह्यलं म्हणे. माझ्यावर उपकारच केले की नाही! मी त्याला तो नळ काढायला लावला आणि पुन्हा बसवायला लावला. तेवढा वेळ सून आतल्या खोलीतून बाहेर आली नाही, कारण तिला माझी लाज वाटते. वाटू दे. मी ज्या बाईच्या हाताखाली वाढले तिची अख्ख्या गावाला लाज वाटायची, आणि त्या गावाची मला अजून वाटते.

आमचं गाव पोंभुर्ण्याकडच्या जंगलातलं. एका अंगाला सागाचं रान, दुसऱ्या अंगाला धानाचे बांध, आणि मधोमध मोठा तलाव. आम्ही धिवर. धान दुसऱ्याच्या बांधीत लावायचं आणि मासोळी तलावातली मारायची, असं आमचं चालायचं. आमचं घर तलावाच्या पाळीच्या, म्हणजे मातीच्या बंधाऱ्याच्या, खालीच होतं, दोन खोल्यांचं, कवेलूच्या छपराचं. सकाळी जाग यायची ती जाळ्याच्या मण्यांच्या आवाजाने. बाबा जाळं खांद्यावर टाकायचे तेव्हा खालचे शिशाचे मणी एकमेकांवर वाजत, आणि चुलीवर मायची तांदळाची अंबील रटरटत असे. मासोळी असली की रश्शाला जवस वाटून लावायची. झिंगे मिळाले तर भेदरं, म्हणजे टोमॅटो, टाकून सुकं. तो वास पाळीवरून जाणाऱ्या माणसाला थांबवायचा, आणि माय दारात असली की तोच माणूस पुढे सटकायचा.

कारण माय म्हणजे अवघड प्रकरण होतं. ती जाळं विणायची तेव्हा प्रत्येक गाठ दोन्ही हातांनी ओढून पाहायची. एक गाठ सरकली तर ती एकटी उसवायची नाही, सगळी ओळ कापून टाकायची. "एक सरकली म्हणजे हात ढिला होता. हात ढिला होता तं बाकीच्या कशा चांगल्या?" हे तिचं म्हणणं. मी विणलेल्या ओळी तिने किती कापल्या याचा हिशेब नाही. मी रडायची, ती सुरी पुसून ठेवायची आणि म्हणायची, "रडून घे, मंग बस." शेजारची बाई उसना तांदूळ परत करायला आली तर ही तिच्यासमोर सूप घेऊन खडे पाहायला बसायची. असं कुणी करतं का? ही करायची. तिला गोड बोलणं म्हणून जमत नसे, आणि चूक दिसली की गप्प बसणं तर त्याहून जमत नसे. बाया म्हणत, "इच्या घरी बसाचं म्हणजे परीक्षेले बसाचं." खोटं नव्हतं ते.

बाबा अगदी उलटे. सगळ्यांचे लाडके. नामदेवभाऊ म्हटलं की लोक हसतमुखाने पुढे यायचे. कुणी बोलावलं की गेले, कुणी मागितलं की दिलं, कुणाला "नाही" म्हणताना मी त्यांना तोवर पाहिलंच नव्हतं. मी सांगते आहे त्या पावसाळ्याआधी काही वर्षं तलाव बाहेरच्या ठेकेदाराकडे होता, म्हणून बाबांना गडचांदूरकडे चुनखडीच्या खाणीत कामाला जावं लागलं होतं. सणावाराला घरी येत तेव्हा भुवयांवरसुद्धा पांढरी भुकटी बसलेली असायची, आणि झोपेत असे खोकायचे की माय उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसायची. मग आमच्या लोकांची सोसायटी झाली आणि तलाव तिच्याकडे आला. बाबा खाण सोडून घरी आले. त्या वर्षी तलावात मासोळीचं बीज पहिल्यांदा सोडायचं होतं. बीज जगलं तर बाबा घरी राहणार, मेलं तर पुन्हा खाण. आमच्या घरात याच्यावर कुणी बोलत नसे. बोलायची गरजच नव्हती, रात्रीचा तो खोकला अजून सगळ्यांच्या कानात होता.

हे बीज म्हणजे रोहू-कतल्याची इवली पिल्लं. नखाएवढीसुद्धा नाहीत. प्लास्टिकच्या मोठ्या पिशवीत थोडं पाणी आणि वरून ऑक्सिजन भरून, तोंड घट्ट बांधून, खोक्यात घालून लांबून आणतात. आणि त्यांना तलावात सोडायची रीत असते. पिशवी बंदच्या बंद तलावाच्या पाण्यात तरंगत ठेवायची. आतलं पाणी आणि बाहेरचं पाणी सारखं गार झालं की तोंड उघडायचं, तलावाचं पाणी हळूहळू आत घ्यायचं, आणि पिल्लं आपली आपण बाहेर जातील तशी जाऊ द्यायची. गरम पाण्यातून एकदम गार पाण्यात ओतली की खलास. हे शिकवायला तालुक्याहून एक साहेब आले होते. त्यांनी बादलीत पिशवी ठेवून करून दाखवलं, सगळ्यांकडून वदवून घेतलं. सगळ्या माना हलल्या. तेव्हा कुणाला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय मी ठेवत नाही. अडाणीपणाची मला कीव येते. पण माहीत असून न करणाऱ्याची? त्याच्यासाठी माझ्याजवळ काही नाही.

पावसाळ्याच्या तोंडाला माय कामाला लागली. तलावातल्या जुन्या मरळी बीज खातात म्हणून बाबांच्या पाठी लागून त्या धरवल्या. तलाव भरला की जादा पाणी जिथून सांडतं तिथे बारीक जाळी बांधायची होती, पिल्लं वाहून जाऊ नयेत म्हणून. ते काम सोसायटीने दोघा तरण्या पोरांना दिलं. त्यांनी चार खुंट ठोकले आणि जाळी अशी लावली की खालून मांजर गेलं असतं. माय पाहायला गेली आणि सगळी उपटून टाकली. पोरं तक्रार घेऊन अध्यक्षांकडे गेली.

अध्यक्ष म्हणजे गुलाबभाऊ. बाबांचे चुलतभाऊ, माझे मोठे बाप. त्यांच्याबद्दल लिहिताना मी हात आखडता घेणार नाही. मोठा देह, पांढरा शर्ट, खिशाला पेन. त्या पेनाने त्यांनी काही लिहिलेलं कुणी पाहिलं नव्हतं. सगळ्या गोष्टी त्यांना होत आलेल्याच वाटायच्या. शाळेची भिंत फुगली, "होते." बोअरिंगला पाणी लागलं नाही, "लागते." पोरांची तक्रार ऐकून ते आमच्या अंगणात आले, खाटेवर बसले, मायच्या हातचा चहा प्याले आणि म्हणाले, "काऊन वं, पोट्टे मेहनत करून राह्यले तं तू उपटून टाकतं? इतकं बारीक कोन पाह्यते?"

"मासोळी पाह्यते," माय म्हणाली.

बाबा हसले. मग गुलाबभाऊंकडे पाहून हसायचे थांबले. जाळी शेवटी मायने आणि मी बांधली, कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून, आणि प्रत्येक गाठ तिने ओढून पाहिली. गावातली पोरं पाळीवर बसून हसत होती.

बीज सकाळी येणार होतं, उन्हाच्या आत. पण गुलाबभाऊंनी ठरवलं की नुसतं बीज सोडणं बरं दिसत नाही, कार्यक्रम पाहिजे. तालुक्याच्या गावचे एक मोठे पाहुणे बोलावले. पाळीवर मांडव, लाऊडस्पीकर, हार, नारळ, फोटोवाला. खोकी घेऊन जीप वेळेवर आली. पाहुणे आले नाहीत. गुलाबभाऊ म्हणाले, जीप तशीच राहू द्या, पाहुण्यांच्या हातून शुभारंभ करायचा आहे. पाऊस त्या दिवशी उघडलेला, ऊन असं की पाळीवर पाय टेकवेना. खोकी जीपमध्ये तापत राहिली आणि लाऊडस्पीकरवर "हॅलो, माइक टेस्टिंग" चाललं होतं. माय दोनदा जीपजवळ गेली, खोक्याला हात लावून आली. "भाऊ, निदान पान्यात तं ठेवू द्या पिशव्या. पाहुने आले की तोंड उघडा." तेवढीच साधी गोष्ट ती मागत होती. गुलाबभाऊ म्हणाले, "पान्यात ठेवल्या तं खोके ओले होतीन, फोटोत कसं दिसन?"

खोके! फोटोत खोके चांगले दिसले पाहिजेत! ज्या पाण्यावर अख्ख्या गावाचं पोट, त्या पाण्यापाशी उभं राहून हा माणूस पुठ्ठ्याची काळजी करत होता. आणि भोवती उभे असलेले सगळे जन्माचे धिवर, पाण्याची खडान्‌खडा माहिती असलेले, ते काय करत होते? हार नीट करत होते.

पाहुणे आले ते दुपार कलल्यावर. त्यांना पुढे आणखी एका गावी जायचं होतं. भाषण मात्र झालं. भाषणात मासोळी एकदाच आली आणि पाहुण्यांचं बालपण बरेचदा. मग सगळे पाण्यापाशी उतरले. बाबांना पिशव्या धरायला उभं केलं होतं, कारण बाबा उंच, आणि बोलावलं की येणारे. त्यांनी पहिली पिशवी पाण्यावर ठेवली, तरंगत, जशी ठेवायची तशी. पाहुण्यांनी घड्याळ पाहिलं. "हे किती वेळ?" गुलाबभाऊ हसून म्हणाले, "काही नाई साहेब, ते आपलं शास्त्र असते. नामदेवा, सोड ना गा. चालते."

"भाऊ, जरासं..." बाबा म्हणाले.

"अरे, चालते म्हन्तो ना मी! मासोळीच हाये, पान्यातच जाऊन राह्यली!"

लोक हसले. बायांच्या घोळक्यातून मायचा आवाज आला, खणखणीत, माइकपेक्षा मोठा, "सोडू नोका! मरतीन सगळे!" सगळ्यांनी वळून पाहिलं. बाबांनीही पाहिलं. मायकडे पाहिलं, गुलाबभाऊंकडे पाहिलं, पाहुण्यांच्या घड्याळाकडे पाहिलं. आणि माझ्या बापाने, ज्याच्या छातीत खाणीची भुकटी होती, ज्याचं घरी राहणं त्या पिशवीत होतं, त्याने गाठ सोडली आणि पिशवी पाण्यात उलटी केली. फोटो निघाला. टाळ्या वाजल्या. मग काय, बाकीच्यांनाही जोर चढला. खोकी फोडून पिशव्या दणादण उलट्या व्हायला लागल्या, काही तर काठावरूनच फेकल्यासारख्या.

माय पाळ उतरून खाली आली. एक खोकं उचललं, पोटाशी धरलं आणि मांडवापासून दूर, मोहाच्या झाडाकडे चालू लागली. गुलाबभाऊ ओरडले, "ठेव ते इथी! सोसायटीचं हाये ते!" ती न वळता म्हणाली, "मले ढकलून घेऊन जा." इतक्या लोकांसमोर बाईला कोण ढकलणार? मी तिच्या मागे गेले. मोहाच्या सावलीत ती लुगड्यासकट पाण्यात बसली, पिशवी समोर तरंगत ठेवून. मांडव उठला, जीप गेली, लाऊडस्पीकरवाल्याने वायर गुंडाळली, तरी ती बसलीच होती. मग तिने तोंड उघडलं, ओंजळीने तलावाचं पाणी आत घेतलं, थांबली, पुन्हा घेतलं. पिल्लं एक एक करून बाहेर निघाली आणि पाण्यात दिसेनाशी झाली. रिकामी पिशवी तिने खळबळून धुतली आणि घडी घालून कमरेला खोचली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवापुढचा सगळा काठ पांढरा झाला होता. चाळलेल्या तांदळाच्या कण्या सांडाव्यात तशी मेलेली पिल्लं पाण्याच्या कडेला लागली होती, आणि बगळ्यांची चंगळ. बाबा पाळीवर उकिडवे बसून पाहत राहिले. मी त्यांना अंबील नेऊन दिली, ती तशीच गार झाली.

समाजमंदिरात बैठक बसली. तुम्हाला वाटेल, अध्यक्षाला जाब विचारला असेल. छे! बराच खल होऊन असं निघालं की मायची जीभ काळी आहे. शुभ कार्यात ती "मरतीन" बोलली, म्हणून मेले. गुलाबभाऊंनी हे स्वतः म्हटलं नाही, ते फक्त मान डोलवत बसले. लोकांना हे पटकन पटलं. उन्हात तापलेली पिशवी मानायची म्हणजे सगळ्यांनीच थोडं थोडं ओशाळावं लागलं असतं. एका बाईची जीभ मानली की सगळे मोकळे. त्या दिवसापासून बाया तलावावर मायच्या शेजारचा धोंडा सोडून धुणं धुवायला लागल्या. धान लावणीला तिला कुणी बोलावेना. माय म्हणाली, "बरं झालं. त्यायच्या वाकड्या ओळी पाहून माया डोळा दुखते."

बाबा मात्र घरात बोलतच नसत. एकदा जेवताना म्हणाले, "मी सोडाले नोको होतं." मायने त्यांच्या ताटात रस्सा वाढला आणि म्हणाली, "हो. नोको होतं." समजूत घालणं तिच्या स्वभावात नव्हतं. पोळ्याच्या आधी बाबा पुन्हा गडचांदूरला गेले. तिने त्यांचं गाठोडं तीनदा सोडून तीनदा बांधलं. नाका-तोंडावर बांधायला जुन्या लुगड्याचं दुहेरी शिवलेलं फडकं दिलं आणि बजावलं, "रोज धुवाचं. वाळल्यावरच बांधाचं. ओलं बांधून 'चालते' म्हनू नोका." बस निघाली तेव्हा ती रडली. तिला रडताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

हिवाळ्यात तलावात पहिलं जाळं पडलं. कुणाला काही आशा नव्हती. आणि मोहाच्या झाडाच्या अंगाने दीड वीत लांबीचे रोहू निघाले! भरपूर नव्हते, एका पिशवीतून निघतील तितकेच. बाबांना परत आणायला ते पुरणार नव्हते. पण चांगले भरलेले, चमकदार. गावात आनंदीआनंद. गुलाबभाऊंनी सगळ्यांत मोठा रोहू कल्ल्यात बोट घालून उचलला, सगळ्यांना दाखवला आणि म्हणाले, "पाह्यलं? मी म्हनलो नव्हतो? होते म्हून! उगाच घाबरवून राह्यले होते लोक!" मला वाटलं, माय आता याला सोलून काढणार. ती नुसती त्या मासोळीकडे पाहत होती. मग मला म्हणाली, "चाल घरी. याच्याशी बोलनं म्हनजे शब्दाची नासाडी." पुढच्या वर्षासाठी गुलाबभाऊ पुन्हा एकमताने अध्यक्ष झाले, हे सांगायलाच नको.

सून म्हणते, आई, तुम्ही लोकांना फार तुच्छ लेखता. लेखते. बाई गं, मी असल्या माणसाला एकमताने निवडून येताना पाहिलं आहे.

पुढच्या पावसाळ्यात पुन्हा बीज आलं. पुन्हा मांडव, पुन्हा हार, दुसरे पाहुणे, तोच नारळ-फोटो. पण आदल्या दिवशी संध्याकाळच्या बसने बाबा उतरले. कुणी बोलावलं नव्हतं. वाळले होते, पाळ चढताना दोनदा थांबले. सकाळी जीप येताच ते तिच्याकडे गेले आणि कुणाला काही न विचारता एक एक खोकं फोडून पिशव्या पाण्यात नेऊ लागले. मायने जाळ्याची दोरी दिली. त्यांनी सगळ्या पिशव्यांची तोंडं एका दोरीत ओवली आणि दोरीचं टोक स्वतःच्या कमरेला बांधलं. मग छातीएवढ्या पाण्यात जाऊन उभे राहिले. भोवती पिशव्या तरंगत होत्या. पाहुणे या वेळी वेळेवर आले, आणि आल्या आल्या त्यांनाही घाई होतीच.

गुलाबभाऊ काठावर येऊन म्हणाले, "नामदेवा, आन ना गा इकडे. साहेबाच्या हातून एक सोडू दे. चालते."

बाबांना खोकला आला. खोकल्याने ते हलले आणि सगळ्या पिशव्या त्यांच्याभोवती हलल्या. सगळं गाव पाळीवर उभं राहून पाहत होतं. खोकला थांबल्यावर त्यांनी तोंड पुसलं, आणि ज्या माणसाने जन्मात कुणाला नाही म्हटलं नव्हतं तो म्हणाला, "नाई चालत."

"अरे, पाहुने..."

"पाहुन्याले चहा पाजा. नाई चालत, भाऊ."

माय पाण्यात उतरली आणि त्यांच्या पाठीमागे हात लावून उभी राहिली, त्यांना पुन्हा खोकला आला तर पिशव्या हलू नयेत म्हणून. निदान तिने कारण तरी तेच सांगितलं. पाहुण्यांनी थोडा वेळ वाट पाहिली, मग निघून गेले. हार न घालता गेले, भाषण न करता गेले. गुलाबभाऊ त्यांच्या जीपमागे धावले. लोक पांगले. पिल्लं सावकाश, आपली आपण, तलावात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी काठ स्वच्छ होता.

मांडवात एक नारळ तसाच राहिला होता, हळद-कुंकू लावलेला. संध्याकाळी मायने तो घरी आणला, चटणी करायला म्हणून. उंबऱ्यावर आपटून फोडला. आतून काळा, नासका, घाण वास सुटला. गुलाबभाऊंनी शुभारंभाचा नारळ घेताना कानाशी धरून हलवूनसुद्धा पाहिला नव्हता. मायने दोन्ही वाट्या बाबांपुढे धरल्या आणि म्हणाली, "पाहा, याले नारय घेता येत नाई." बाबा हसायला लागले. हसता हसता खोकायला लागले, खोकता खोकता पुन्हा हसले, आणि माय त्यांच्या पाठीवर हात ठेवून, नाक मुरडत, ती घाण बाहेर फेकायला मला हाक मारत होती.